भानामती झाली, पण खोली कोणी सोडली नाही

आजही कुठे जळक्या सुती कापडाचा वास आला की ती खोल्यांची लाईन माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पुरात वाहून आलेली प्रेते माणसे लावून काढली. पण भीती म्हणजे काय, हे मी आदिलाबाद शहरातल्या किरायाच्या खोल्यांत शिकलो. नावे कोणाचीच देत नाही. त्यातली काही माणसे अजून आहेत, आणि ज्यांची नावे द्यावीशी वाटतात त्यांच्यावर कोर्टात काही सिद्ध झाले नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी शहरातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आमचे घराणे निजामाच्या अमदानीपासून इथलेच. घरात मराठी, ठाण्यात तेलुगू, बाजारात हिंदी आणि कागदावर इंग्रजी, अशी आमची चार जिभांची नोकरी. शहर तेव्हा चहूबाजूंनी फुगत होते. नवी ऑफिसे आली, बँका आल्या, बदलीवर आलेले कारकून आणि इंजिनिअर पक्के घर शोधत फिरू लागले. किरायाला ते मागेपुढे पाहत नसत. दुसरीकडे तामसीच्या बाजूच्या खेड्यांतून कापसाच्या जिनिंगच्या कामाला माणसे येत. ज्यांना खोली मिळाली नाही ते रोज बसने येत-जात, आणि शेवटची बस चुकली की मार्केट यार्डात पोत्यांवर पडत. नोकरी मिळाली म्हणून कोणी पेढे वाटले तर लोक पहिला प्रश्न विचारत, "खोली भेटली का?"

जिनिंगच्या मागच्या अंगाला खोल्यांची एक जुनी रांग होती. लोक तिला नुसते 'लाईन' म्हणत. मातीच्या भिंती, वर पत्र्याच्या टिना, पुढे चिंचोळे अंगण, एका टोकाला नळ आणि दुसऱ्या टोकाला कडुनिंब. एकेका खोलीत सात-आठ माणसे. भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, पण मालक चिखलाचा गोळासुद्धा लावत नव्हता. कारण उघड होते. किरायेदार जुने, किराया जुना. ते उठले तर त्या जागी पक्की बिल्डिंग उभी राहणार होती. मालक दुसऱ्या गावी राही. किराया गोळा करायला त्याचा मुनीम येई.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी बसस्टँडजवळचा चहावाला नेहमीप्रमाणे ठाण्यात किटली घेऊन आला. हा आमचा खबरी. सगळ्यांचे कप भरून झाले तरी तो जाईना, तेव्हा मी समजलो.

"साहेब, लाईनीत भानामती लागली हाये. कपडे आपोआप जळून राह्यले, भर दुपारी. आता त्याईनं गावाकून जानता आनला. आज कोपऱ्यातल्या बुढीचे दात काढतीन."

ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. करणीला आमच्या भागात भानामती म्हणतात, तेलुगूत चेतबडी म्हणतात, आणि ती उतरवणारा तो जाणता. समज असा की करणी करणाऱ्याची ताकद मंत्रात, मंत्र तोंडात. दात उपटले की मंत्र तुटतो. मी पहिल्या पोस्टिंगला बेज्जूरच्या जंगलात अशी एक बाई पाहिली होती. ती जगली, पण पुढे तिचे बोलणे कोणाला कळले नाही. ते तोंड मी कधीच विसरलो नव्हतो.

हेड कॉन्स्टेबल आणि दोन शिपाई घेऊन मी तडक निघालो. जनरल डायरीत नोंद करायला रायटरला सांगितले आणि जीपमध्ये बसलो.

लाईनीत आरडाओरडा असेल अशी माझी कल्पना. तिथे चिडीचूप. प्रत्येक दाराला लिंबू आणि बिब्बा टांगलेला. प्रत्येक उंबऱ्यापुढे पाण्याची भरलेली बादली. बायका भिंतीच्या सावलीला लेकरे मांडीत घट्ट धरून बसलेल्या. कोणाच्याही चुलीतून धूर नव्हता, कारण आग पेटवायलाच लोक घाबरत होते. कडुनिंबाखाली जळक्या कपड्यांचा ढीग पडला होता. करणीने जळलेले कापड घरात ठेवत नाहीत, म्हणून सगळ्यांनी तिथे आणून टाकलेले. त्या ढिगाशेजारी जाणता बसला होता. त्याच्यापुढे लाल फडक्यात काही गुंडाळलेले होते. मी काठीने फडके उलगडले. आत सुताराची पक्कड निघाली.

"हे काय?"

"पूजेचं सामान हाये साहेब," तो म्हणाला.

बुढीची खोली कोपऱ्यावरची. बाहेरून कडी घातलेली. त्या उन्हात, त्या तापलेल्या टिनांखाली तिला सकाळपासून कोंडून ठेवले होते. कडी काढली तर आत भिंतीला पाठ लावून एक वाळकी म्हातारी बसलेली. मूळची बेज्जूरकडची. नवरा मेल्यावर या शहरात आली, मिरच्यांची देठे खुडून पोट भरायची. जंगलाकडची, एकटी, झाडपाल्याची माहिती असलेली, आणि लाईनीतली सगळ्यात जुनी किरायेदार. संशय घ्यायला आपल्या लोकांना याहून जास्त काय लागते?

लाईनीतला वडीलधारा माणूस म्हणजे जिनिंगचा एक हमाल. तो हात जोडून पुढे आला. "आमी बुढीले मारून नाई राह्यलो साहेब. दात काढले का मंतर तुटते. मंग राहू द्या तिले सुखानं."

मला राग आवरेना. "एवढी भानामती आहे तर खोल्या सोडून का जात नाही? कोणी धरून ठेवलंय?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मी काही तरी खुळ्यासारखे विचारले असावे अशी त्याची नजर होती. "कुठी जाऊ साहेब? या किरायात शहरात गोठा नाई भेटत. भुतासंगं राह्यता येते. लेकरं घेऊन रस्त्यावर नाई राह्यता येत."

मी जाणत्याला जीपमध्ये बसवले आणि बुढीला म्हणालो, "मावशी, चला, तुम्हाला सुरक्षित ठिकाणी नेतो." तिने आधी पाणी मागितले. तांब्याभर पाणी एका दमात प्याली आणि उंबरा धरून बसली.

"माह्या खोलीले सरकारी कुलूप लावा आदी. मी गेली का कब्जा करतीन."

"मावशी, लोक तुमचे दात उपटायला निघाले होते!"

"दात गेले तं जवारीच्या कन्या खाईन. खोली गेली तं कुठी जाऊ?"

शेवटी ठाण्याचे कुलूप मागवून तिच्या दाराला लावले. किल्ली तिने पदराला बांधली, तेव्हा कुठे ती हलली.

जाणत्याची पक्कड जप्त केली आणि त्याला समज देऊन गावी धाडले. बाईमाणसाला ठाण्यात मुक्कामी ठेवता येत नाही आणि त्या काळी आमच्याकडे महिला शिपाई नव्हती. म्हणून मी तिला माझ्या क्वार्टरवर नेले, पत्नीच्या हवाली केले. पत्नीने जेवू घातले. पोलीस लाईनीतल्या शेजारणींनी मात्र त्या दिवसापासून आमच्याकडचे विरजण नेणे बंद केले.

माझा हिशेब सोपा होता. बुढी माझ्या घरात, पत्नीच्या डोळ्यांसमोर. आता लाईनीत आग लागली तर ती निर्दोष, हे शेंबडे पोरही सांगेल. आणि आग लागली. दुसऱ्याच दुपारी एका खोलीत दोरीवरचे धोतर पेटले. मी जाऊन सगळ्यांना बजावले, "बघा, बुढी तर माझ्या घरी आहे." हमालाने मान हलवली. "आता तं तिले पोलिसाचं छप्पर भेटलं साहेब. जोर वाढला."

ठाण्यात आलो तर दारावर लिंबू. मी हेड कॉन्स्टेबलकडे पाहिले. वीस वर्षे नोकरी झालेला, नक्षलवाद्यांच्या गोळीबारात उभा राहिलेला माणूस. तो खाली बघून म्हणाला, "सर, नींबू से क्या जाता, रहने देव." लिंबू मी राहू दिले. माणसे घाबरलेली असली की हुकूम चालत नाही.

तपासात एवढे लवकर कळले की हे काम माणसाच्या हाताचे आहे. अर्धवट जळालेल्या त्या धोतराच्या घडीत मला करपलेल्या कापसाचा बोळा आणि गोवरीच्या निखाऱ्याची राख सापडली. निखारा कापसात गुंडाळून घडीत ठेवला की तो धुमसत राहतो आणि बऱ्याच वेळाने भडकतो. दुपारी नळाला पाणी यायची वेळ झाली की लाईनीतल्या झाडून सगळ्या बायका घागरी घेऊन रांगेत असत, आणि आग नेमकी त्याच वेळी लागे. म्हणजे आग लागताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या नजरेसमोर. म्हणूनच तर ती 'आपोआप' लागत होती. हात लाईनीतलाच होता, कारण परका माणूस एवढ्या डोळ्यांदेखत खोल्यांत शिरू शकत नाही. पण कोणाचा? कापूस प्रत्येकीच्या घरात. जिनिंगमधून बायका केसांत घेऊन येत.

मुनिमाला ठाण्यात बोलावले. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, बोलणे लोण्यासारखे. "मी तं किराया घ्याले जातो साहेब. मालकाची काई तक्रार नाई. ज्याले राह्याचं त्यानं राह्यावं." मी तासभर बसवून घेतला. त्याने पाणी मागितले, विडी मागितली, हवापाण्याच्या गोष्टी केल्या. पण खोल्यांचे किती नुकसान झाले, हे एकदाही विचारले नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पाहिले आहे की ज्याच्या मालाला आग लागते तो आधी माल विचारतो. याला विचारायचे नव्हते. पाणी मुरत होते, पण पुरावा काय? सोडावे लागले.

आणि मग ती दुपार आली. लाईनीतल्या एका खोलीत आढ्याला साडीची झोळी बांधून तान्हे लेकरू निजवले होते. आई नळावर. झोळी पेटली. आजी दारातच होती म्हणून लेकरू वाचले, पण त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

मी दवाखान्यातून ठाण्यात परतलो तो फाटकाबाहेर सगळी लाईन उभी. जिनिंगमधले आणखी लोक. "बुढी आमच्या हवाली करा." ओरडणाऱ्यांची मला भीती वाटली नाही. ओरडणारा माणूस थकतो. त्या लेकराचा बाप पुढे उभा होता, तो एक शब्द बोलत नव्हता. त्याच्या हातात एक नवी पक्कड होती.

माझे क्वार्टर तिथून हाकेच्या अंतरावर. घरात पत्नी आणि बुढी दोघीच. ठाण्यात माणसे किती? बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी मनातून गर्दीच्या बाजूची. सर्कल इन्स्पेक्टरांना फोन लावला तर ते दौऱ्यावर. तरी मी बाहेर आलो आणि त्या बापाला म्हणालो, "उद्या नळ यायच्या आत मी तुला माणूस दाखवतो. नाही दाखवला तर माझ्या घराचं फाटक उघडं ठेवतो." असे बोलायचा मला काही अधिकार नव्हता. पण तो वळला, आणि त्याच्यामागे बाकीचे वळले. क्वार्टरवर दोन शिपाई बसवले आणि पत्नीला दार लावून घ्यायला सांगितले.

सकाळी मी लाईनीत गेलो आणि कडुनिंबाखालच्या त्या ढिगापाशी उभा राहिलो. दुसरे काही सुचत नव्हते. एकेका बाईला बोलावले आणि तिच्या घरचे जळके कापड ओळखायला सांगितले. "हा माह्या नवऱ्याचा सदरा." "हे सासऱ्याचं धोतर, हे माहं लुगडं." "ह्या आमच्या याईच्या चड्ड्या." प्रत्येक घरचे काही बायकांचे, काही पुरुषांचे. दोरीवर जे हाताला लागले ते जळाले होते.

मधल्या खोलीतली बाई आली. तिशीच्या आतबाहेरची, दोन लहान मुलींची आई. नवरा जिनिंगमध्ये, कापसाची धूळ छातीत बसून बारा महिने खोकणारा. तिने ढिगातून आपले एक लुगडे काढले, दुसरे लुगडे काढले, मुलीचे एक झबले काढले.

"आणखी?"

"इतकंच साहेब."

मी तिच्या उघड्या दारातून आत पाहिले. खुंटीला नवऱ्याचे दोन सदरे. पांढरेशुभ्र धुतलेले, घडी मोडू नये असे टांगलेले.

आपल्याकडे बाई आपल्या घरच्या जिवंत पुरुषाचे कापड विस्तवात टाकत नाही. फाटले तर फरशी पुसायला घेईल, भांड्यावर देईल, गोधडीत घालील, पण चुलीत घालणार नाही. नवऱ्याचे कापड जाळायचे ते त्याच्याबरोबर, स्मशानात. हे मला लहानपणापासून माहीत होते. माझी आई माझ्या वडिलांच्या बनियनची चिंधीसुद्धा विस्तवाजवळ नेत नसे. तरी इतके दिवस मला सुचले नव्हते, आणि त्या खुंटीकडे पाहताना एकदम सुचले.

बाईची जबानी तिच्या घरीच घ्यायची, असा कायदा आहे. म्हणून मी तिच्याच खोलीत बसलो. दार सताड उघडे ठेवले, उंबऱ्यात शेजारची एक म्हातारी बसवली. दुपार होत आली होती, टिना तापल्या होत्या आणि घाम मानेवरून पाठीत उतरत होता. खोली एवढी की मी पाय लांब केले तर चुलीला लागतील. भिंतीची भेग चिंध्या कोंबून बुजवलेली. एका कोपऱ्यात खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, धुऊन पालथ्या ठेवलेल्या.

मी आवाज चढवला नाही. घाबरलेल्या माणसाला दरडावले तर तो गप्प होतो, हा माझा अनुभव. नळाचे विचारले, मुलींचे विचारले, नवऱ्याच्या खोकल्याचे विचारले. ती नीट उत्तरे देत गेली. मग तितक्याच साध्या आवाजात म्हणालो,

"सगळ्यांच्या घरी पुरुषांचे कपडे जळाले. तुझ्या घरी तुझ्या नवऱ्याचं एकही कापड नाही जळालं. काऊन?"

"त्याईचं कापड कशी जाळीन साहेब मी?" ती चटकन म्हणाली. "त्याई जिवंत हायेत..."

आणि थांबली. उंबऱ्यातल्या म्हातारीने तोंडावर पदर घेतला. बाहेर नळाला पाणी येण्याआधीचा हवेचा सूं सूं आवाज सुरू झाला होता.

तिचा चेहरा पाहून मला जिंकल्यासारखे मुळीच वाटले नाही. तिची नजर माझ्याकडे नव्हती. ती वर टिनांकडे पाहत होती. मग बोलायला लागली ती थांबेना. मुनीम तिला म्हणाला होता, पावसाळ्याच्या आधी लाईन खाली करायची आहे, आणि पहिली तुझी खोली. खोकणारा माणूस बिल्डिंगवाल्यांना नको. पण बाकीचे आपण होऊन उठले तर नव्या बिल्डिंगीत मागच्या अंगाला एक पक्की खोली तुझी. निखारा कसा ठेवायचा हेही त्यानेच सांगितले.

"पावसात याईले घेऊन कुठी जाऊ साहेब? ओलीत एक पावसाळा बी नाई काढत ते. डाक्टरनं सांगतलं, ओल लागू देऊ नका."

"आणि ते लेकरू?"

"म्या निखारा गोधडीत ठेवला होता. झोळी तिच्याच वर बांधली असन हे मले कुठी मालूम? लेकराचा आवाज आला, तवापासून माह्या घशाखाली घास नाई उतरला."

"आणि बुढी? तिचे दात उपटणार होते, तू बघत होतीस."

"बुढीचं नाव म्या नाई घेतलं. लोकाईनं घेतलं. म्या फक्त नाई म्हनलं नाई."

हे वाक्य मी जबानीत जसेच्या तसे उतरवले. आजवर ऐकलेल्या कबुलीजबाबांत मला सगळ्यात भयंकर वाटलेले वाक्य तेच.

आता धोका फिरून तिच्याकडे आला होता. उंबऱ्यातल्या म्हातारीने एव्हाना बाहेर सांगितले होते. मी जीप अगदी दाराशी लावली, तिला आणि मुलींना मधे घेऊन बाहेर काढले. दोन्ही बाजूंना लोक उभे. बायकांच्या हातात त्याच पाण्याच्या बादल्या. मला वाटले, आता दगड येईल. लेकराचा बाप समोर आला. त्याने तिच्याकडे पाहिले, तिच्या मुलींकडे पाहिले, आणि पक्कड नालीत फेकून दिली. मी ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली. ठाण्यात पोहोचेपर्यंत दोन्ही मुली माझ्या पट्ट्याला धरून बसल्या होत्या.

पुढचे थोडक्यात सांगतो. बुढी आपल्या खोलीत परत गेली. तिची कोणी माफी मागितली नाही. तिच्या दारावरचे लिंबू तेवढे गुपचूप काढून टाकले. बाईवर आगीचे आणि इजेचे कलम लागून तिला शिक्षा झाली. मुनीम संशयाचा फायदा मिळून सुटला, कारण त्याच्याविरुद्ध साक्षीदार ती एकटीच आणि ती स्वतःच आरोपी. मालकाचे नाव आरोपपत्रात बसलेच नाही. त्याने कोणाला काही सांगितल्याचा पुरावा नव्हता आणि मी तो बनवणाऱ्यांतला नव्हतो. ती जेलमध्ये असतानाच तिचा नवरा वारला. त्याचे सदरे त्याच्याबरोबर द्यायला ती नव्हती. आणि पावसाळ्यात लाईनीची एक भिंत बसली, धोकादायक इमारत म्हणून नोटीस निघाली, आणि सगळ्यांना कायदेशीरपणे बाहेर काढले. भानामतीने जे झाले नाही ते एका कागदाने झाले.

मी मंचेरियलला बदलून गेलो. कोळशाचे गाव, तिथेही क्वार्टरसाठी भाऊ भावाविरुद्ध अर्ज करताना पाहिले. नव्वदच्या पुढे बढती घेऊन पुन्हा आदिलाबादला आलो, तेव्हा एका पंचनाम्यासाठी शहराच्या कडेला, चुन्याच्या भट्टीच्या मागे जाणे झाले. काम उरकून निघालो तर मागून हाक आली, "साहेब, चहा घेऊन जा."

बुढी होती. आणखी वाकलेली, पण दात सगळे जागच्या जागी. एका खोलीच्या दारात बसून मिरच्या खुडत होती. मी आत वाकून पाहिले आणि दचकलो. चुलीपाशी ती बाई बसली होती. मधे दोरीवर लुगडे टाकून खोलीचे दोन भाग केलेले. पलीकडे खुंटीला तिच्या नवऱ्याचा एक पांढरा सदरा.

"मावशी, ही इथे?"

"तिले आगवाली म्हनून कोनी खोली देईना. मले भानामतीवाली म्हनून कोनी देईना. मंग दोघीनं मिळून हे घेतली. पोरी शाळेत गेल्या हायेत तिच्या."

"म्हणजे माफ केलंत तिला."

"माफ कायचं?" बुढी फणकारली. "अर्धा किराया देते ते."

चहा टाकायचा होता. बाईने भांड्यात पाणी घेतले, चुलीत काड्या रचल्या आणि हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून थांबली. बुढी कण्हत उठली. तिने कमरेची चंची सोडली, त्यातून माचीस काढली, स्वतः वाकून चूल पेटवली. माचीस पुन्हा चंचीत घातली आणि गाठ ओढून पाहिली. हे रोजचे असावे, कारण चूल पेटताच बाईने न सांगता भांडे वर ठेवले.

पोलिसाची नोकरी मला हेच शिकवून गेली की गुन्हा शोधताना, कोण कोणाला भितो हे विचारण्याआधी कोणाच्या डोक्यावरचे छप्पर हलते आहे ते पाहावे. लाईनीत सगळे भुताला भीत आहेत असे मी समजत होतो. भुताला कोणीच तेवढे भीत नव्हते. बुढी दातांसाठी रडली नाही, कुलपासाठी अडून बसली. आणि त्या बाईने लोकांच्या घरात निखारे ठेवले ते एका ओल नसलेल्या भिंतीसाठी. तिला मी गुन्हेगारच मानतो. तिच्यामुळे एक लेकरू जन्माचे अधू झाले. पण त्या दिवशी वर टिनांकडे लागलेली तिची नजर मला अजूनही झोपू देत नाही.

चहा पिऊन निघताना मी बुढीला हळूच विचारले, "मावशी, एका खोलीत झोपता. भीती नाही वाटत?"

तिने चंचीवर हात ठेवला.

"वाटते ना साहेब. रोज वाटते. पन खोली सोडून जाऊ कुठी?"